फुटबॉलच्या चड्डीला खिसे

जिच्यामुळे माझं काम टिकलं, तिचं नाव इथे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. पण तीच म्हणाली, "नाव नको घालूस गं, लॅबमध्ये सगळे चिडवतील." म्हणून नाव सोडून बाकीचं सांगते. ती कल्याण पूर्वेला एका चाळीत आईबरोबर राहते. ठाण्याला नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. आणि बायकांच्या एका फुटबॉल टीमची ती गोलकीपर आहे. वयाने माझ्यापेक्षा थोडी लहानच असेल, तरी मी तिला ताई म्हणते आणि ती मला ताई म्हणते. दोघींपैकी कोणीच मागे हटत नाही.

मी वाशीमकडची. आठवीनंतर शाळा सुटली, कारण नववीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि पावसाळ्यात मधला नाला ओलांडता यायचा नाही. लग्नानंतर खडवलीला आले. नवरा भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला जातो, मी डोंबिवलीला. आमचा कारखाना खेळाचे कपडे शिवतो. शाळांचे, कंपन्यांच्या क्रिकेट टीमचे, दहीहंडीच्या दिवसांत गोविंदा पथकांचे. मी लागले तेव्हा कोपऱ्यात बसून शिवलेल्या मालाचे लोंबते धागे कापायची. मग कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर बसायला मिळालं, आणि पुढे कटिंग मास्तरांच्या हाताखाली टेबलाशी. टेबलाशी उभं राहणं आमच्यात मोठं. पण मला तिथे भीतीही फार वाटायची. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड परत जोडता येत नाही. कात्री लावायच्या आधी मी माप परत परत तपासायची, मास्तर वैतागायचे. "अगं, कापड आहे, पोट नाही कुणाचं," म्हणायचे.

मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते घरी होते, त्याच दिवसांत ती कारखान्यात आली. टीमला नवे कपडे हवे होते.

"पुरुषांचं स्मॉल नको," ती शेठना म्हणाली. "दर वेळी तेच देता. खांद्यावरून उतरतं आणि मांडीला आवळतं. धावायचं सोडून आम्ही चड्डी ओढत बसतो."

"मॅडम, फुटबॉल एकच आहे ना? मग कपडापण एकच."

"फुटबॉल एकच आहे शेठ. मांड्या वेगळ्या आहेत."

मशीनवरच्या बायका खाली मान घालून हसल्या. शेठही हसले. मास्तर नाहीत म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "ही कापेल." ती गेल्यावर मला बाजूला बोलावून म्हणाले, "हे बघ. जमलं तर बायकांच्या मापाचं काम पुढे तुझ्याकडे. माल परत आला तर कापड माझं गेलं, आणि तू परत धाग्यावर." रागाने नाही बोलले. हिशोबाचं बोलले. तरी त्या दिवशी मला डबा गेला नाही.

मापं घ्यायला मी कल्याणच्या मैदानात गेले, रविवारी दुपारी. दुपारी का, तर सकाळी तिथे क्रिकेट असतं आणि संध्याकाळी मुलांचं कोचिंग. उरतं ते ऊन, ते बायकांना. टीममधल्या बाकीच्या कोणी शाळेत शिकवणाऱ्या, कोणी मॉलमध्ये उभ्या राहून काम करणाऱ्या, दोघी कॉलेजातल्या, एकीचं बाळ सासूकडे. मी टेप काढली. आम्ही बायका माप देताना कशा उभ्या राहतो ते सगळ्यांना माहीत आहे. पोट आत, श्वास रोखून, हात शरीराला चिकटून. पहिली मुलगी तशीच उभी राहिली.

गोलकीपर ताई ओरडली, "ए, लग्नाचा ब्लाऊज शिवतेय का ती?" मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आम्ही मैदानात अशा कधी उभ्या राहतो सांग. हे बघ." ती गुडघ्यात वाकली, पाय फाकवले, दोन्ही हात पुढे केले. "आता घे माप."

तसं घेतलं, तर सगळेच आकडे बदलले. वाकल्यावर पाठीमागे आसनाला कापड जास्त लागतं, कंबर मात्र तेवढीच राहते. बॉल डोक्यावरून दोन्ही हातांनी फेकायला गेलं की बाहीचा मुंढा अख्खी जर्सी वर ओढतो. एकीला मी लाथ मारायच्या आवेशात तशीच उभी करून माप घेतलं, ती लंगडी घालत हसत होती. मला फार मजा वाटली. इतकी वर्षं कपडे शिवले, पण माणूस त्या कपड्यात काय करतो हे मी कधी बघायला गेले नव्हते.

खेळ थांबल्यावर ती पाणी प्यायला बसली. मी भीत भीत विचारलं, "ताई, तुमचं आणि पुरुषांचं कधी सारखं होईल का गं?"

"कशात?"

कशात ते मला सांगता येईना. "खेळात," म्हटलं.

तिने लांबच्या गोलकडे बघितलं. "बॉल तोच. मैदान तेवढंच. गोलही तेवढाच. आता गंमत बघ, त्या वरच्या कोपऱ्यात पुरुष गोलकीपरचा हात पोचतो. माझा उडी मारूनही पोचत नाही. मग लोक म्हणतात, बायकांच्या गोलकीपर कच्च्या."

"मग गोल छोटा करायचा."

"काही जण म्हणतात तसं. मला नाही आवडणार."

"का पण? चड्डी तुमच्या मापाची हवी म्हणून तूच भांडलीस. मग गोल का नको मापाचा?"

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "चड्डी माझी आहे गं. गोल सगळ्यांचा आहे." आणि लगेच, "पण तू म्हणतेस तेही मला कधी कधी वाटतं. नाही माहीत."

खडवलीला घरी पोचेपर्यंत मी तेच घोळवत होते. पुरुषांचं छोटं करून दिलं म्हणजे ते बायकांचं होत नाही, हे तर टेपनेच दाखवलं होतं. मग छोटा गोल हे बायकांचं माप, की पुरुषांचं स्मॉल? आणि मोठाच ठेवला तर ती बरोबरी, की खांद्यावरून उतरणारी जर्सी? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुला कापायचं किती? तेवढं काप." त्याचंही बरोबर होतं.

मी कापायला घेतलं. कारखान्यात सगळ्या बायकांना या ऑर्डरचं कौतुक. जेवायच्या सुट्टीत विषय तोच. आमच्यात एक मावशी आहेत, डोंबिवलीजवळच्या जुन्या गावातल्या, त्यांच्या शेताच्या जागेवर आता इमारती आहेत. त्यांनी विचारलं, "काय गो, त्या पोरी खेळतात तवा चाव्या कुठं ठेवतात?"

"पिशव्या गोलच्या मागे ठेवतात," मी म्हटलं.

"आणि कुणी उचलली म्हणजे?"

"एकीचा मोबाईल गेलाय म्हणे तसाच."

मावशींनी भाकरीचा तुकडा हातात धरूनच मान हलवली. "पुरुषांचं बरं हाय. बायको बसलेली असते कडेला. चावी तिच्याकडं, पाकीट तिच्याकडं, पाण्याची बाटली तिच्याकडं. हरला तर रागपण तिच्यावरच."

सगळ्या हसल्या. ओव्हरलॉकवरची म्हणाली, "यांना कोण बसलंय धरायला? यांना खिसे लावा."

ते सगळ्यांना एकदम पटलं. आमच्या हातून पुरुषांच्या फुटबॉलच्या कितीतरी चड्ड्या गेल्या होत्या आणि एकीलाही खिसा नव्हता, हे आम्हाला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण आम्ही त्याचा अर्थ आमच्यापरीने लावला, की त्यांना गरज नाही म्हणून नसतो. त्यात आम्ही सगळ्या जन्मभर बिनखिशाच्या कपड्यांतल्या. पैसे ब्लाऊजमध्ये, चावी कमरेला, मोबाईल हातात. कुणाला तरी खिसे द्यायची संधी मिळाल्यावर कोण सोडणार? कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून खिसे झाले, म्हणून शेठना सांगायची गरज वाटली नाही. बोटांची पेरंच काय, आख्खा तळहात जाईल असे खोल लावले. मावशींनी टीप दोनदा मारली.

माल न्यायला ती आली तेव्हा चड्डी उलटीपालटी करून म्हणाली, "खिसे?"

"कापड उरलं होतं," मी म्हटलं.

तिने आपली किल्ली आत टाकून बघितली, दोन उड्या मारल्या, आणि हसून पिशवी उचलली. तिलाही तेव्हा काही खटकलं नाही, किंवा आमच्याकडे बघून ती बोलली नसेल. ते मी अजून तिला विचारलेलं नाही.

पहिली मॅच ठाण्यात होती, रविवारी सकाळी. एका मंडळाने पुरुषांची आणि बायकांची अशा दोन्ही स्पर्धा एकाच मैदानावर ठेवल्या होत्या. मी बघायला गेले. आवड होतीच, पण खरं म्हणजे कपडा अंगावर कसा चालतो ते बघितल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. स्टेजवर टेबल होतं आणि त्यावर बक्षिसं मांडलेली. पुरुषांना मोठा चषक आणि रोख रकमेचं पाकीट. बायकांना चषक आणि प्रेशर कुकर, खोक्यासकट, प्रत्येकीला एक. मला आधी वाटलं कुकर लकी ड्रॉचे आहेत.

आमच्या मुली मैदानात उतरल्या. दोघीतिघी खिशात हात घालून फोटो काढून घेत होत्या. रेफरी तरुण होता, नीट बोलणारा. सामन्याआधी तो सगळ्यांचे बूट, दागिने बघत आला आणि चड्डीपाशी थांबला.

"मॅडम, खिसे चालणार नाहीत. एवढे उघडे आहेत, धावताना कुणाचं बोट अडकलं तर मोडेल."

"कुणाचं मोडतंय?" एकजण म्हणाली.

"तुमचंच मोडेल. नाहीतर समोरचीचं. दुसऱ्या चड्ड्या आहेत का?"

दुसऱ्या घरी होत्या. कल्याणला, डोंबिवलीला, एकीची अंबरनाथला.

"मग खिसे बंद करा काहीतरी करून. मी थोडा वेळ थांबतो. पुढे पुरुषांची मॅच आहे, जास्त नाही थांबता येणार."

मला समोर मैदान दिसेना, शेठ दिसायला लागले. माल परत, आणि मी धाग्यावर. त्याहून वाईट म्हणजे या सगळ्या दुपारच्या उन्हात सराव करून इथवर आल्या होत्या, आणि आमच्या कौतुकापायी न खेळता परत जाणार होत्या. मनात आलं की गुपचूप स्टेशनला जावं.

गोलकीपर ताई माझ्याकडे आली. "ताई, सुई आहे?"

दिवसभर शिवण करणारी बाई मी, आणि माझ्याकडे सुई नव्हती. मंगळसूत्राला दोन पिना होत्या त्या काढल्या. रेफरीने लांबूनच मान हलवली. "पिन तर त्याहून नको."

मग मी पळाले. मैदानाच्या बाहेर कोपऱ्यावर एक बाई हार ओवत बसली होती. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, सुई द्या."

"देवळात चाललीस का?"

"फुटबॉलला."

तिने वर बघितलं. मग हातातला अर्धा हार मांडीवर ठेवून सुई दोऱ्यासकट माझ्या हातात दिली. "आणून दे बाई. दुपारचे हार बाकी आहेत."

हाराची सुई म्हणजे वीतभर लांब आणि जाड. आमच्या कापडाला तिने भोकं पडत होती, पण शिवत होती. पहिली मुलगी समोर येऊन उभी राहिली. मी खाली बसले, खिसा धरला, आणि हात थांबला.

"काय झालं?" गोलकीपर ताईने विचारलं.

"अंगावरचा कपडा शिवायचा नसतो आमच्यात. शिवावाच लागला तर तोंडात दोऱ्याचा तुकडा धरायला देतात."

"आमच्या घरात असलं काही मानत नाहीत गं."

"मग तू नको धरूस."

तिने माझ्या हाताकडे बघितलं. "दे," ती म्हणाली. "त्याने तुझा हात चालणार असेल तर दोन तुकडे दे."

तिने धरला म्हटल्यावर सगळ्यांनीच धरला. सगळी टीम रांगेत, तोंडात पांढरा दोरा, आणि मी खाली बसून एकेकीचे खिसे शिवतेय. कापड ताणून धरायला कुणी हवं होतं, तर समोरच्या टीमची कप्तान आली आणि बसली माझ्याशेजारी. "खिसे छान होते गं," हळूच म्हणाली. पुढच्या मॅचचे पुरुष कडेला अंग गरम करत होते. त्यातला एक ओरडला, "ओ ताई, झालं की आमचं पण बटण लावून द्या."

गोलकीपर ताई दोरा दातात धरूनच म्हणाली, "आधी गोल मारायला शीक. बटणाचं मग बघू."

त्याचेच मित्र त्याला हसले. मलाही हसू आलं, आणि हात भराभर चालायला लागला.

खिसे बंद झाले तशी आतली चीजवस्तू बाहेर आली, आणि ती ठेवायची कुठे, तर माझ्याकडे. मी ओढणी मांडीवर पसरून बसले. चाव्या, मोबाईल, लॅबचं ओळखपत्र, कानातले, एकीचं इनहेलर, बाळाची एक चोखणी. सगळं सांभाळायच्या भीतीने पहिली काही मिनिटं मी मॅच बघितलीच नाही, मांडीच बघितली. इतक्यात एक मोबाईल वाजला. पडद्यावर 'सासूबाई'. उचलू की नको? वाजून थांबला आणि परत वाजला. उचलला.

"कुठे आहेस?"

"मी ती नाही. त्या मैदानात आहेत. मी सामान सांभाळते."

"गॅसवाला येऊन गेला तिला सांग. कधी येणार?"

"येतील. आत्ता त्यांच्याकडे बॉल आहे."

मग सासूबाई म्हणाल्या, "मग? पुढे गेली का?"

मी काय दिसतं ते सांगितलं. ती उजवीकडून पळतेय, एकीला चुकवलं, आता पास दिला, गेला बाहेर. सासूबाई "अगं अगं" करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं, ठेवते. बाळ उठलं." आणि ठेवता ठेवता, "गोल झाला तर मिस कॉल दे."

आमचा गोल झाला नाही. समोरच्यांचा झाला, आणि तोही त्याच वरच्या कोपऱ्यात. ताईने अंग झोकून दिलं. तिची बोटं आणि बॉल यांच्यात जे अंतर राहिलं ते मी टेपने मोजू शकले असते. एक शून्यने हरल्या. सामान घ्यायला ती माझ्यापाशी आली तेव्हा कोपराला माती होती. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "नाही, गोल छोटा नको. मीच एक पाऊल आधी सरकायला हवं होतं." एका मुलीचा खिसा उसवून जिभेसारखा बाहेर आला होता. बाकीचे टिकले. चड्डी ओढताना मला एकही दिसली नाही, आणि मी दुसरं तिसरं काही बघत नव्हते.

सुई देऊन परत आले आणि पुरुषांची मॅचही बसून बघितली. तुलना करायची होती. बॉल लांब जात होता, हे खरंय. जोरात जात होता. खूप वेळा तो नुसता लांबच जात होता, हेही खरंय. बायकांच्या वेळी बॉल जवळून फिरायचा आणि मला कोण कुणाला देतंय ते कळायचं. यातलं चांगलं कुठलं हे मला अजून ठरवता येत नाही. दोन्हीला एकच टेप लावायची का, हाच माझा प्रश्न आहे.

माझ्या बाजूला एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर पाकीट, गाडीची चावी, घड्याळ. तिच्या पलीकडे एक म्हातारी, मुलाचं जाकीट कुशीत धरून. त्यापुढे एक कॉलेजची मुलगी, दोन मोबाईल घेऊन. बाईने विचारलं, "तुमचे कोण खेळतायत?"

"कोणी नाही. आधी बायका खेळल्या ना, त्यांचं सामान होतं माझ्याकडे."

"बायकांचं?" ती म्हणाली. "हो, त्यांनापण लागत असेल कुणीतरी. माझ्या कधी लक्षातच नाही आलं."

सोमवारी कारखान्यात गेले तर शेठना सगळं कळलेलं. त्या बटणवाल्याची टीमही आमचंच गिऱ्हाईक. त्यांनी फोन करून हसून हसून सांगितलं होतं. शेठनी एक सॅम्पलची चड्डी टेबलावर टाकली.

"हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

मशीनी थांबल्या. मावशी म्हणाल्या, "माज्या."

"कापलं मी," मी म्हटलं.

"मला विचारायचं तरी. आता माल परत येणार. नवीन कापड, नवीन प्रिंट." एवढं बोलून ते हिशोबाच्या वहीकडे वळले. मीच माझी कात्री पुसून मास्तरांच्या खणात ठेवली आणि कोपऱ्यात धाग्याच्या ढिगाशी जाऊन बसले. कुणी सांगायच्या आधी आपणच जाऊन बसलेलं बरं, असं वाटलं.

दुपारी ती आली. लॅबमधून अर्धी रजा टाकून, नौपाड्यातून थेट. पांढरा कोट घडी करून हातावर. तिने आधी टेबलाकडे बघितलं, मग मला शोधलं, मग शेठच्या टेबलासमोर जाऊन खुर्ची ओढली.

"माल परत द्यायला आलात ना?" शेठ म्हणाले.

"कोण म्हणालं? खिसे तेवढे मशीनवर नीट बंद करून द्या. तोंडात दोरा धरून परत उभं राहायला नको."

"मॅडम, चूक आमची आहे. मी बाईला सांगितलं होतं..."

"खिसा चुकला. पण शेठ, इतकी वर्षं खेळते, काल पहिल्यांदा पूर्ण मॅच मी चड्डीला हात लावला नाही. कुणालाही विचारा. आणि ही दुसरी ऑर्डर." कालच्या समोरच्या टीमच्या कप्तानने पाठवलेली ती ऑर्डर होती. "त्यांना असंच हवंय. खिसे सोडून. पण कापणारी हीच हवी. दुसऱ्या कुणी कापलं तर आम्ही दोन्ही टीम परत पुरुषांचं स्मॉल घेऊ, आणि तुमच्याकडून नाही."

शेठनी पंख्याकडे बघितलं. "बायकांची मॅच बघायला तिकीट कोण काढतं मॅडम? असं किती काम येणार आहे यात?"

मावशी मशीनवरूनच म्हणाल्या, "पुरुषांची तरी तिकीट काढून कोण बगतंय हितं? फुकटच बगतात."

शेठना हसू आवरलं नाही. "बघू," म्हणाले. शेठनी बघू म्हटलं म्हणजे झालं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तिने येऊन मला दंडाला धरून उठवलं. "चल. टेबलाशी जा. धागे काय बघत बसलीस?"

काळा चष्मा लावून मास्तर परत आले तेव्हा म्हणाले, "मी जरा डोळे मिटले तर तुम्ही खिसे फोडलेत." पण त्यांनी टेबलाची एक बाजू माझ्यासाठी मोकळी केली. आता बायकांच्या मापाचं जे येतं ते मी कापते. कबड्डीच्या मुलींचं येतं, एका शाळेचं आलं. शेठ म्हणाले होते तसं, फार नाही येत. पण येतं.

रविवार मिळाला तर मी मॅचला जाते आणि सगळ्यांना तोच प्रश्न विचारते. कोणी म्हणतं पैसा आला की सारखं होईल, कोणी म्हणतं टीव्हीवर दाखवलं की होईल. एका कोचने सांगितलं की पुरुषांसारखं व्हायचं असेल तर बायकांना संध्याकाळचं मैदान द्या, मग दहा वर्षांनी मला विचारा. ते मला त्यातल्या त्यात पटलं, कारण त्याने उत्तर दिलं नाही.

गोलकीपर ताईच्या घरीही मी आता जाते. तिच्या आईची एक बाजू अधू आहे, उठायला धरावं लागतं. त्यांच्याच तोंडून मला कळलं की ताईला कोच व्हायचंय. त्यासाठी एक कोर्स असतो, त्याला काही दिवस पुण्याला जाऊन राहावं लागतं. तिच्याच मैदानावर खेळणारे दोघे पुरुष जाऊन आले. ती दोनदा जायची राहिली. भाऊ वसईला असतो, तो म्हणतो तू आहेस ना. मी तिला विचारलं तर म्हणाली, "जाईन गं पुढच्या वेळी." आणि विषय बदलला.

तिच्या आईशी माझं बोलणं झालंय. आईंना माझ्या हातची ज्वारीची भाकरी आवडते, आणि मला धरून त्या दारापर्यंत येतात. ताईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही, सांगितलं असतं तर तिने नको म्हटलं असतं. मास्तरांना आणि नवऱ्याला विचारून ठेवलंय. आणि भीती माझ्या पाठीला लागलेली आहेच, ती काही सोडून जात नाही. तरी ताई, हे वाचशील तेव्हा ऐक. तो कोर्स परत लागेल त्या वेळी मी तुझ्या घरी राहायला येणार आहे, जितके दिवस लागतील तितके. आईंना मी बघेन. तू फक्त बॅग भर.